भट्टी पाडण्याआधी

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या मला म्हणाला, "काका, भट्टी पाडूया. त्या जागेत विजेचा ओव्हन बसतो, शिवाय मालाची एक खोली निघते." चहा पिता पिता म्हणाला. गोठ्यातली जुनी गव्हाण काढायची असावी, तसा. त्याच्या हातात मोबाईल होता आणि मोबाईलवर मुंबईची बातमी. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबई महानगर परिसरातल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं होतं. "बघा," तो म्हणाला, "कोर्टानेच निकाल लावलाय. आता घुमट संपला."

त्या वेळी मी काही बोललो नाही. पहाटे तीनला उठून पीठ मळतो तो, मी नाही. ज्याचे हात पिठात, त्याचा शब्द मोठा, हा आमच्या घरचा जुना कायदा आहे. पण त्या दिवसापासून गावात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच ऐकतोय. भट्टी म्हणजे धूर, भट्टी म्हणजे मागासलेपण, भट्टी म्हणजे पाडण्याची वस्तू. म्हणून हे लिहितोय. पुतण्याने वाचावं आणि त्याच्यासारखं बोलणाऱ्या सगळ्यांनी वाचावं.

पहिली गोष्ट. न्यायालय बोललं ते इंधनाबद्दल. दाट वस्तीत, माणसाला माणूस खेटून राहतो तिथे, चोवीस तास लाकूड-कोळसा जाळू नका, हे म्हणणं मला पटतं. पण इंधन वेगळं आणि घुमट वेगळा. चूल बदलली म्हणून कोणी घराच्या भिंती पाडत नाही. विटांच्या घुमटाला आत लाकूड जळतंय की गॅसची ज्योत, याच्याशी देणंघेणं नसतं. तो ऊब पितो, धरून ठेवतो आणि हळूहळू परत देतो. हे त्याचं काम. ते काम त्याला कोणी शिकवलं, कसं शिकवलं, हे न विचारता त्याला पाडायला निघणं म्हणजे न वाचता वही चुलीत घालणं आहे. आणि हे मी कोणत्या तोंडाने सांगतोय? ही वही एकदा मी स्वतः चुलीत घातलेली आहे, त्या तोंडाने.

आमचं गाव तेरेखोल नदीच्या काठी, बांद्याच्या अलीकडे. गोव्याची हद्द इतकी जवळ, की आमच्याकडचे निम्मे शब्द आणि निम्मे सोयरे पलीकडचे. पोर्तुगीज १५१०मध्ये गोव्यात आले, त्यांच्यामागून पाव आला, पावामागून घुमटाची भट्टी आली. भट्टीला तिकडे फोर्न म्हणतात आणि पाववाल्याला पोदेर. दोन्ही शब्द पोर्तुगिजांचे, पण पीठ फुगवायला पोदेराने वापरली ती माडाची सूर. तेव्हा ही कला पूर्ण परकी आहे असं म्हणणाऱ्यानेही जरा जपून बोलावं. साष्टीकडच्या माणसांनी तीच विद्या घेऊन मुंबई गाठली आणि तिथल्या बेकऱ्या चालवल्या. आमच्या बाबांनी तीच विद्या एका पोदेराच्या हाताखाली सहा वर्षं राबून उचलली आणि १९७१ साली गावात स्वतःची भट्टी घातली.

घातली म्हणजे बांधून घेतली. बांधणारा पेडण्याकडचा एक मेस्त्री होता. सही करण्यापुरतं लिहायचा. आम्ही मुलं त्याला मेस्त्रीमामा म्हणायचो. तेव्हा मी सहा वर्षांचा. त्याने काय केलं ते मला आठवत नाही. आठवतो तो पहिला पाव. बाहेरून टणक, आतून कापूस, आणि तळाला विटेची बारीक रेघ.

ती भट्टी अठरा वर्षं चालली. मग तळ खचला, घुमटाला एका बाजूने पोक आला, आणि नवी बांधायची वेळ आली. साल १९८९. तोवर मी स्थापत्याचा डिप्लोमा घेऊन बसलो होतो. बाबा म्हणाले, "मेस्त्रीक निरोप धाडूया." मी म्हटलं, "कित्याक? मी हय ना?" कर्ज काढायचं होतं. बँकेला अंदाजपत्रक हवं होतं, तेही शिक्क्याचं. दरसूची उघडली. तिच्यात पायाला ओळ होती, भिंतीला होती, स्लॅबला होती. भट्टीच्या घुमटाची ओळ मला सापडली नाही. ज्याला ओळ नाही त्याची किंमत नाही, असं मला शाळेने शिकवलं होतं. मी स्लॅबच्या हिशेबात घुमट बसवला आणि मजुरीच्या रकान्यात एक कुशल गवंडी, तीन अकुशल मजूर असं लिहिलं. मेस्त्रीमामा आला असता तर त्याला मी कोणत्या रकान्यात घातलं असतं, याचा विचार आज केला की मान खाली जाते.

मी काय काय केलं ते सांगतो, कारण ते आजही गावोगाव चाललंय.

विटांचा सांधा एकास चार सिमेंटमध्ये भरला. आतून सिमेंटचा गिलावा दिला, गुळगुळीत दिसावा म्हणून. तळाच्या विटा थेट चिऱ्याच्या भरावावर सिमेंटमध्ये घट्ट बसवल्या. तोंड चांगलं उंच ठेवलं, म्हणजे बाबांना वाकायला नको. आणि चतुर्थी तोंडावर होती, गावात चाकरमानी येणार, पाव खपणार, म्हणून आठव्याच दिवशी भरभरून जाळ घातला.

चतुर्थीचे दिवस निभावले. पण लाकूड बघता बघता संपायचं. जुन्या भट्टीला दिवसाला दोन मोळ्या लागायच्या, हिला चार लागू लागल्या. तोंड उंच, त्यामुळे ऊब घुमटाखाली थांबायचीच नाही, वरच्या वर बाहेर पडायची. तळाखाली ऊब अडवणारं काही नव्हतं, ती खाली चिऱ्यात मुरायची. पाव वरून करपलेला आणि खालून पांढरा निघू लागला. मग गिलाव्याचे पापुद्रे सुटले आणि गिऱ्हाईक पावातला खडा हातावर घेऊन दारात उभं राहू लागलं.

त्याचं कारण मला नंतर नीट वाचल्यावर कळलं. ते माझ्याच पुस्तकांत होतं, पण परीक्षेला नव्हतं. सिमेंट पाण्याशी एकजीव होऊन दगड बनतं. चारशे अंशांच्या पुढे त्याच्या घडणीतला चुना ते पाणी सोडून देतो. भट्टी थंड झाली आणि दमट हवा लागली, की तो चुना पुन्हा पाणी ओढतो आणि फुगतो. आज तापला, उद्या फुगला, परवा तापला. कोकणातली हवा दमट, त्यात भट्टीचं रोजचं तापणं-निवणं. माझ्या सांध्यांचा भुगा झाला. पुढच्या जूनमध्ये एका रात्री घुमटाचा मधला तुकडा खाली आला. खाली कोणी नव्हतं, एवढंच नशीब. बाबा कंदील घेऊन आत गेले, बघून आले आणि ओट्यावर बसले. मला एक शब्द बोलले नाहीत. तीन महिने भट्टी बंद राहिली. बँकेचा हप्ता भरायला आईच्या पाटल्या गेल्या. त्या परत आल्या नाहीत.

मेस्त्रीमामाला आणायला मी स्वतः गेलो. तो आला, पडक्या घुमटाभोवती एक फेरी मारली, गिलाव्याचा तुकडा नखाने खरवडला. "झिला, आग आनि सिमेंट, ह्येंचा कदी जमूचा नाय," एवढं म्हणाला. मग तोंडाकडे बघून विचारलं, "ह्या इतक्या वयर कित्याक न्हेलंस?" मी म्हटलं, वाकायला नको म्हणून. त्यावर तो हसला. "वाकल्याशिवाय पाव कोण दिता?"

त्या वेळी मी त्याच्या हाताखाली अकुशल मजूर म्हणून राबलो. दीड महिना. आणि पहिल्यांदा बघितलं, की भट्टीचा आराखडा असतो. तो कागदावर नसतो, एवढंच.

त्याचं माप मुठीचं. आतला व्यास सात फूट. घुमटाची उंची आठ मुठी आणि तोंडाची उंची पाच मुठी, म्हणजे जवळजवळ बत्तीस इंच आणि वीस इंच. यात तो तिळभर सवलत द्यायचा नाही. तोंडाच्या खालच्या अंगाने ताजी हवा आत शिरते, वरच्या अंगाने धूर बाहेर येतो. तोंड त्याहून उंच केलं तर ऊब धुराबरोबर पळते, बुटकं केलं तर आग गुदमरते. पुढे मी वाचलं, की परदेशात लोकांनी जुन्या मातीच्या भट्ट्या मोजून काढल्या तेव्हा तोंडाची उंची घुमटाच्या शंभरात त्रेसष्ट भागांच्या आसपास भरली. पाच भागिले आठ करून बघा.

तळ असा. चिऱ्याचा ओटा, त्यावर राख आणि वाळूचा थर, थरात आडव्या घातलेल्या रिकाम्या बाटल्या. आम्हाला वाटायचं मेस्त्रीमामा काहीतरी जादूटोणा करतोय. बाटलीत कोंडलेली हवा ऊब खाली जाऊ देत नाही, यापलीकडे त्यात काही नाही. थर्मासचा धंदाही ऊब अडवण्यावरच चालतो. वर चाळलेल्या वाळूवर विटा कोरड्याच बसवल्या, सांध्यात काही भरलं नाही, म्हणजे तापल्यावर त्यांना हलायला जागा. आणि विटा तिरक्या, कारण सरळ मांडल्या तर पाव काढायचं लांब दांड्याचं फावडं प्रत्येक कडेला अडतं.

माती वारुळाची. आठ दिवस भिजवली, पायाने तुडवली, वाळू मिसळली. तिची बोटाएवढी वळी करून वाकवायची. भेगाळली तर वाळू जास्त, हाताला चिकटून राहिली तर कमी. प्रयोगशाळा एवढीच.

मग घुमट. तळाच्या मधल्या विटा तेवढ्या बसवायच्या ठेवल्या होत्या. त्या खड्ड्यात, तळाच्या वीतभर खाली एक खुंटी, खुंटीला बांबूची काठी. काठी जिकडे फिरेल तिकडे तिचं टोक विटेला टेकलं पाहिजे. टेकलं नाही तर वीट काढ. विटेचं डोकं आतल्या बाजूला, आतला सांधा कागदाएवढा, बाहेरच्या फटीत माती आणि विटेच्या कपच्या. एक वेढा पूर्ण झाला की तो स्वतःला धरून उभा राहतो, कारण प्रत्येक वीट आत पडायला बघते आणि शेजारणी तिला पडू देत नाहीत. मी विचारलं, मातीने एवढं वजन कसं तोललं जाईल? तो म्हणाला, "वीट विटेक धरता. माती नुसती मदी बसता." विजापूरचा गोलघुमट शाळेच्या सहलीत बघून आलो होतो. सतराव्या शतकातला, बाहेरून चव्वेचाळीस मीटर व्यासाचा. तिथे गाइडने आवाज घुमवून दाखवला होता. घुमट उभा का राहतो ते मात्र मला आमच्या बेकरीत कळलं.

माथ्याजवळचे वेढे फारच आडवे होतात, म्हणून आत वाळूचा ढीग रचून त्यावर ओलं गोणपाट घातलं आणि वरच्या विटा त्यावर टेकवल्या. कळीची वीट बसवताना बाबांनी नारळ फोडला. सातेकशे विटा, नुसत्या विटांचंच वजन दोन टनांच्या वर. हे वजन घुमटाची खालची कड बाहेर ढकलतं, म्हणून मोडक्या बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावा मागवून, तोडून, जोडून त्यांचा एक मोठा पट्टा केला आणि पायाशी कसून बसवला. तोही बाहेरच्या मातीच्या अंगाला, जिथे आगीची झळ पोचत नाही. घुमटावर भाताचा तूस घातलेल्या मातीचा जाड थर, त्यावर चुना.

आणि मग काहीच नाही. पंधरा दिवस नुसतं सावलीत सुकू दिलं. मी घाई करायला लागलो तेव्हा मेस्त्रीमामा म्हणाला, "घाई असात तर बाजारातसून पाव हाड." त्यानंतर सात दिवस लहान लहान जाळ. पहिल्या दिवशी करवंट्यांचे चार निखारे, दुसऱ्या दिवशी थोडी सोडणं, मग काटक्या. बाहेरच्या भिंतीला घाम फुटला. मी घाबरलो. "रडाक दी तिका. आतला पाणी भायर येवक व्हया." पाणी सावकाश गेलं तर वाफ होऊन जातं, एकदम तापवलं तर तीच वाफ वीट फोडते. आठव्या दिवशी पूर्ण जाळ. घुमट आतून काळाकुट्ट झाला आणि तासाभराने माथ्यापासून काळं जळत जाऊन वीट पुन्हा उजळत आली. बाबांनी निखारे ओढून काढले, ओल्या फडक्याने तळ पुसला, चिमूटभर पीठ टाकलं. पीठ लगेच काळं पडलं तर थांबायचं, सावकाश तांबूस झालं तर पाव घालायचे. तांबूस झालं. ती भट्टी आज पस्तीस वर्षं उभी आहे. लाकूड दिवसाला दोन मोळ्यांहून कमी.

ही भट्टी पाडायची म्हणतात.

माझं भांडण विजेच्या ओव्हनशी नाही. पुतण्याच्या कमरेला आराम मिळत असेल तर त्याने जरूर घ्यावा. धुराचंही मी नाकारत नाही. बाबांना शेवटच्या वर्षांत जो खोकला होता तो काही देवाने दिला नव्हता. पण धूर होतो तो ओल्या लाकडाने, बसक्या धुराड्याने आणि चुकीच्या तोंडाने. मेस्त्रीमामाने दुसऱ्या दिवसाचं लाकूड आदल्या दिवशीच्या निवत्या भट्टीत सुकवायला शिकवलं होतं. आम्ही आळसाने ते सोडलं आणि धुराचा दोष घुमटावर टाकला. धुराडं वाढव, लाकूड सुकव, नाहीतर गॅस लाव. यातल्या कशासाठीही घुमट पाडावा लागत नाही.

माझं भांडण दोघांशी आहे. एक, ज्यांना मातीतलं शहाणपण शिक्क्याशिवाय दिसत नाही. त्यांच्यात मी होतो, म्हणून त्यांना ओळखतो. त्यांना मेस्त्रीमामाच्या आठ मुठी अडाणीपणा वाटतात आणि तोच आकडा दशांश चिन्ह लावून बाहेरून आला की शास्त्र वाटतो. दुसरे, ज्यांना घुमट फक्त शोभेला हवा आहे. किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टने मला बोलावलं होतं, भट्टी बघायला. बाहेरून टाइल्सचे तुकडे लावलेला सुंदर घुमट, आत सिमेंट, वर सिमेंट. पाहुणे तिथे उभे राहून फोटो काढतात आणि 'लाकडावरचा' म्हणून एका पिझ्झाचे सहाशे रुपये मोजतात. पहिल्याच पावसाळ्यात तडे गेले म्हणून मला बोलावलं होतं. म्हणजे तोच धूर गावातल्या पोदेराच्या अंगणात घाण आणि रिसॉर्टच्या अंगणात चव. आमची भट्टी पाडणारे आणि तिची नक्कल सजवणारे, दोघांनीही मेस्त्रीला एक प्रश्न विचारलेला नाही.

मेस्त्रीमामा आता नाही. त्याचे मुलगे आखातात गेले, तिथे स्लॅब ओततात. चांगले कमावतात, त्यांना दोष देणारा मी कोण? त्यांच्या बापाच्या विद्येला आपण रोजगारहमीचीसुद्धा किंमत दिली नाही.

म्हणून पुतण्याला माझं सांगणं एवढंच. पाड, तुझा हक्क आहे. पण आधी परसात एक लहान भट्टी तुझ्या हाताने बांध. चार फुटांची चालेल. ती एक पावसाळा उभी राहिली, तिच्यातून पहिला पाव निघाला आणि तरीही तुला वाटलं की मोठी पाडावी, तर पहिली पहार मी मारीन.

परवा हे सगळं त्याला वाचून दाखवलं. तो बराच वेळ भट्टीच्या तोंडाशी उकिडवा बसला होता. मग मूठ वळून तोंडाच्या कडेला लावली, एकावर एक मोजत गेला. पाच भरल्या.

"काका," म्हणाला, "चार फुटांच्या भट्टीला घुमट किती मुठी?"